सूरपाटी रिकामी आहे

हडपसर, बुधवार

प्रिय शालूआक्का,

अक्षर बघून आधी हसशील. हस. नववी सोडल्यापासून मी लिहिलं काय, तर टेम्पोच्या फळीवर मालकाचं नाव, आणि तेही एका बाजूला उतरलेलं. तुझ्या वसतिगृहात दोनदा फोन केला. तुमच्या बाई म्हणाल्या, “निरोप सांगा, गोष्ट सांगू नका.” आता माझ्याकडे निरोप नव्हताच, गोष्टच होती. म्हणून कालव्याच्या कडेला बसून लिहितोय. पाय पाण्यात आहेत. कागदावर थेंब दिसले तर रडलो असं समजू नकोस.

अक्षय्य तृतीयेला घरी आलो. त्याआधी कोल्हापूरहून गूळ भरून आणला, मग रत्नागिरीला आंब्याच्या पेट्यांमागे गेलो, तिथं एका खानावळीत मासे तळायला शिकलो, आणि येताना कराडला कुस्त्या बघायच्या नादात टेम्पो सुटला तो सुटलाच. दारात आल्यावर आई म्हणाली, “घरी आलास का रस्ता चुकलास?” आणि लगेच ताट वाढलं. भाकरी, पिठलं, वर कैरीचं तिखट. ते तिखट तुझ्यासाठी वेगळं काढून ठेवलंय तिनं. कुणी हात लावला की ओरडते. बरं, काय सांगत होतो? हां, वावर.

मागच्या वावरातला कांदा निघालाय. मृगाची नांगरट लागेपर्यंत ते वावर आपलं. नानांनी नेहमीसारखं पाणी मारून, रूळ फिरवून, चुन्यानं पाट्या आखल्यात. आणि आक्का, यंदाच्या रविवारांना काय रंग चढलाय म्हणून सांगू. सकाळी ऊन चढायच्या आत आट्यापाट्या, मग सगळी टोळी कालव्यात, मग आमरस, मग जो जिथं पडेल तिथं झोप. हिंदुरावदादाच्या कारखान्याची सुट्टी गुरुवारची, पण दर रविवारी तो पाळी बदलून घेतो. साहेबाला सांगतो, घरी पूजा आहे.

माझा एक दोस्तही येतो. दिगंबर, शनिवार पेठेतला. लुना घेऊन येतो, पांढरे कॅनव्हासचे बूट घालून. त्याला खेळ समजावता समजावता घसा बसला माझा. म्हटलं, या आडव्या पाट्या, प्रत्येकीवर एक जण पहारा देतो. आपण हुलकावण्या देत पार जायचं, त्यानं शिवलं की बाद. आणि सगळ्यांना मधोमध कापणारी ही उभी लांब पाटी म्हणजे सूरपाटी. तिच्यावरचा गडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतो, त्यालाच सगळे घाबरतात. नुसतं पार जाऊन उपयोग नाही, परत यायचं, तेव्हा कुठं ‘लोण’. दिगंबरनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणजे उन्हात पळायचं, मार खायचा आणि मग तुमच्याकडेच जेवायचं. शेवटचं आधी नाही का करता येणार?”

डाव तेच, लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे. आजोबांपासून चालत आलेले. पहिल्या रविवारी आम्ही बिनलग्नाचे हरलो. आईनं नऊवारीचा काष्टा खोचला, पहिल्या पाटीवर उभी राहिली आणि दिगंबरच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याचा चष्मा मातीत. वर विचारते, “न्याहारी झाली नव्हती का रं लेकरा?” दुसऱ्या रविवारी आम्ही जिंकलो, पण खरं सांगायचं तर आमरसामुळे. दादानं खेळाच्या आधीच तीन वाट्या रिचवल्या आणि सूरपाटीवर चक्क खाली बसला. प्रेमलावहिनी ओरडली, “अहो, उठा, हितं कारखान्यावानी झोपता येत न्हाई.” मग काय, सगळं वावर हसून हसून आडवं.

आता बरोबरी आहे. येता रविवार शेवटचा. पुढच्या आठवड्यात दादाच्या पोरांची शाळा, मंगळवारी ट्रॅक्टर यायचाय, आणि मालकानं मला नागपूरच्या फेरीला बोलावलंय. म्हणून सगळे पेटलेत. आई पहाटे गोठ्यामागे चोरून पळून बघते. मी बघितलं, तर म्हणाली, वासरू सुटलं होतं.

आमची अडचण एकच, सूरपाटीवर गडी नाही. मला उभं केलं होतं. नाना पंच म्हणून कडेला बसलेले, ते म्हणाले, “ह्याला नगा ठिवू. ह्यो पळत पळत फुरसुंगीला जाऊन यील.” खोटं नाही ते. मला एका रेषेवर राहताच येत नाही.

तुला ते जमायचं. तू सूरपाटीवर असलीस की पोरं पहिल्या पाटीशीच विचार करत उभी राहायची. वेणी कमरेला खोचून तू दोन्ही हात पसरून धावायचीस आणि नाना पंच असूनही ओरडायचे, “शिव, शाले, शिव.” वस्तीवरची माणसं बांधावर बसून फक्त तुला बघायची.

आणि मग दोन वर्षांपूर्वीचा तो रविवार. त्यावर आपण कधी बोललो नाही. सासवडहून, सासर सोडून, तू बॅग घेऊन परत आलीस त्याला महिना झाला होता. नानांनी हाक दिली, लग्न झाल्याली हिकडं, बिनलग्नाची तिकडं. सगळे पांगले आणि मधे तू एकटी राहिलीस, पदर खोचलेला, सूरपाटीवरच. नानांनी तुझ्याकडे न बघता म्हटलं, “शाले, तू समद्यास्नी पानी दे.” तू खोचलेला पदर सोडलास आणि सगळा डावभर पाणी दिलंस. सोमवारी तू कर्वेनगरला गेलीस. शिवणाचा वर्ग, वसतिगृह, आणि मे महिना आला की तुझं एकच, सुट्टी नाही. आक्का, शिवणाच्या वर्गाला रविवारी सुट्टी असते, एवढं मलाही कळतं.

आता काल सकाळचं ऐक, त्यासाठीच एवढा कागद भरलाय. नाना वावरात पुसट झालेल्या पाट्यांवर चुना टाकत होते. आम्ही सगळे बांधावर चहा पीत होतो. मान वर न करता ते म्हणाले, “ह्या वर्सापास्नं वाटणी बदलली. ह्या घरात जल्मल्याली एकीकडं, ह्या घरात आल्याली दुसरीकडं. लगीन झालंय का न्हाई, कुनी इचारायचं न्हाई.” आईनं कपबशी खाली ठेवली. “म्हंजी इतकी वर्सं भाकरी थापून मी अजून आल्यालीच का? बरं. बघते रविवारी जल्मल्याल्यांकडं.” पण तिचे डोळे भरले होते, आणि ती हसत होती. दादानं विचारलं, “मग आपल्यात सूरपाटीवर कोण?” नाना चुना टाकत राहिले. म्हणाले, “रिकामी ठिवायची.” दादा म्हणाला, “रिकामी ठेवली तर हरू की.” नाना म्हणाले, “हरू.”

दुपारी त्यांनी मला गोठ्यात बोलावलं आणि म्हणाले, “तुझ्या आक्काला लिही.” काय लिहू, विचारलं. बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, विसरले. मी निघालोसुद्धा. तेव्हा मागून म्हणाले, “लिही, माठ भरून ठिवलाय. ह्या वक्ताला पानी मी देनार हाय म्हनावं.”

रविवारी पहिल्या बसनं ये. गाडीतळावर मी उभा असेन, कुठंही न भटकता.

या खेपेला तुझ्या बाजूनं पळणारा,
तुझाच,
जया