शिकवणीला आलेली सून

कारकार, सेबू
६ एप्रिल १९४०

चि. नेमेसियो यास फाबियानाताईचे अ. उ. आ.

वि. वि. तागालोग ही राष्ट्रभाषेचा पाया ठरली, हे दोन वर्षांपूर्वी पेपरात वाचून आम्ही विसरून गेलो होतो. आता जूनपासून ती शेवटच्या वर्गाला शिकवायची आहे, आणि तो वर्ग माझा. हेडमास्तर म्हणाले, शिकून घ्या, नाहीतर वर्ग दुसऱ्याकडे जाईल. बावीस वर्षं इंग्रजीतून शिकवून आता मी मुळाक्षरं गिरवायची.

दोन महिने तुझ्या बायकोला, पुरिंगला पाठव; तागालोग तिची मायबोली. आईला विचारलं, तर कोण पुरिंग, म्हणाली. वर म्हणते, माणसं आम्ही सेबूवाले जास्त आणि भाषा मात्र त्या तागालोगवाल्यांची. त्यात आम्ही मुलीच्या दारी जाऊन मागणी न घालताच तुझं लग्न. असले प्रकार मनिलातच होतात म्हणे. मागणी घातली नाही, म्हणजे सून नाही. सहा वर्षं तेच. तूच काही सुचव. लोभ आहेच, राष्ट्रभाषेपायी तो कमी करू नकोस.

तुझी ताई

मनिला
१५ एप्रिल १९४०

ती. ताईस सा. न. वि. वि.

आईला सांग, सून येतच नाही, शिकवणीची बाई येते आहे. मास्तरणीला आई दारातून परत पाठवणार नाही. पुरिंग भांडताना फार शुद्ध तागालोग बोलते, तेव्हा तू घेणार ते शिक्षण मी इथे बसून सहा वर्षं घेतलंच आहे. आईला नमस्कार सांग. राग आला तर माझ्या वाट्याचा राखून ठेव.

तुझा नेमेसियो

कारकार
२८ जून १९४०

चि. नेमेसियो यास अ. आ.

वर्ग माझ्याकडेच राहिला. तपासनीस येऊन, मागे बसून, मान डोलावून गेले. श्रेय पुरिंगचं. आई तिला मॅडम म्हणते, चांगली खुर्ची देते, चूल मात्र दाखवत नाही. घरात कोणी साधी भांडी घासायला सांगत नाही, म्हणून बिचारी परवा माझ्याजवळ रडली. शिकवणीच्या वेळी आई दाराआड मक्याचे दाणे सोलत बसते. एवढा मका आपल्याला लागत नाही. पुढचं आई सांगते तसं लिहिते.

चि. नेमेसियो, तुझ्या ताईची शिकवणी संपली. आता या मुलीला कुठल्या नात्याने ठेवून घ्यावं, ते मला कळत नाही. म्हणून पुढच्या महिन्यात आपण बोटीने तिच्या आईवडिलांकडे जाऊन रीतसर मागणी घालणार आहोत. त्यांना आपली भाषा येत नाही. मागणीपुरती त्यांची मी दाराआड बसून शिकले. अडेन तिथे भेट म्हणून नेलेलं भाजलेलं डुक्कर बोलेल. तू इस्त्रीचे कपडे घालून ये आणि खाली बघून बस. होकार मिळेपर्यंत पुरिंग माझ्याजवळ राहील. लग्नाआधी तुम्ही दोघांनी एका घरात राहणं बरं दिसत नाही.

तुझी आई