डावीकडे ओढणारे बूट

तीर्थस्वरूप दादा यांस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे सध्या अर्धाच घातला आहे, उरलेला भेटीत घालीन. कंबर कशी धरली ते पुढे येईलच.) आपले गुडघे काय म्हणतात? वहिनींचा खोकला गेला का, आणि गेला असल्यास त्या तुमच्याशी पुन्हा बोलू लागल्या का, तेही कळवा. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं आहे.

या सगळ्याचं मूळ तुम्ही आहात. लहानपणी तुमच्या घरात चाकांच्या बुटांची एकच जोडी होती आणि ती बारा महिने तुमच्याच पायांत असायची, असं तुमची बहीण सांगते. तिच्या वाट्याला मागून पळणं आलं. हे गाऱ्हाणं मी लग्नापासून ऐकत आलो आहे. नोकरीतून मोकळी झाल्यावर बाई जरा देवाधर्माला लागेल अशी माझी समजूत होती, तर ती जुन्या सामानाच्या दुकानातून स्केट्स घेऊन आली. हल्लीच्या मुलांचे एका रांगेतल्या चाकांचे असतात तसे नव्हेत, जुन्या चालीचे, पुढे दोन चाकं आणि मागे दोन. कोणाच्या तरी पायाचा वास अजून आत होता.

आमच्या जवळच्या क्रीडागृहात सकाळी मोठ्या माणसांना सोडतात. तिथल्या मास्तरांना सगळे ‘शिट्टी’ म्हणतात, कारण शिट्टी तोंडातून काढून बोलताना त्यांना कोणी पाहिलेलं नाही. तुमची बहीण पहिल्या दिवसापासून पडली नाही, घाबरली नाही, दोन्ही हात पसरून अशी निघाली की मी बाकावर बसून उगाच मान ताठ केली. फक्त एक व्हायचं. तिला समोरच्या दाराकडे जायचं असलं की ती पिण्याच्या नळापाशी पोचायची. नळ डावीकडे आहे. शेवटी शिट्टीने तिच्यासाठी नळावर एक पेला ठेवून दिला.

आता आमचं घराणं तुम्हाला माहीत आहे. वडिलांनी घड्याळं दुरुस्त केली, मी शिवणयंत्रं. आमच्याकडे वस्तू बाहेर दुरुस्तीला देणं म्हणजे नाक कापून घेणं. आणि काहीही बिघडलं तरी दोष वस्तूचाच. हा कुळाचार तुमच्या बहिणीने माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतला आहे. दूध उतू गेलं तर ती पातेल्याला बोलते. तेव्हा बूट डावीकडे ओढतात हे आम्ही दोघांनी एकमताने ठरवलं आणि मी ते जेवणाच्या टेबलावर उलटे पाडले.

बुटाच्या तळाला एक पट्टी असते, पट्टीखाली पुढे एक आणि मागे एक असे दोन आस, आणि ते रबराच्या वॉशरांमध्ये असे बसवलेले की अंग झुकवलं की चाकं त्या बाजूला वळावीत. डाव्या बुटाचा पुढचा आस केसभर वाकलेला सापडला. मला इतका आनंद झाला की मी तिला अंघोळीतून बाहेर बोलावलं. आस व्हाइसच्या जबड्यात धरून सरळ केला आणि क्रीडागृहात गेलो. ती नळावर गेली. रबर कडक झालं होतं, नवीन घातलं. नळावर गेली. बेअरिंगं रॉकेलमध्ये धुतली (घरात दोन दिवस कोणी काडी ओढली नाही), चाकं डावी-उजवी अदलाबदल केली, जिन्यापुढच्या बोळात खडूची रेघ मारून रिकामे बूट त्यावरून ढकलले. रिकामे बूट रेघेवरून अगदी शहाण्यासारखे गेले. ती मात्र नळावर गेली.

शेवटी मीच ते पायांत घातले. तिचा आणि माझा पाय एका मापाचा आहे, यावरून तुम्ही लग्नात जे काही बोललात ते मी विसरलेलो नाही. शिट्टीने मला मागून ढकललं आणि मी सरळ गेलो. दादा, इतका सरळ मी आयुष्यात कुठे गेलेलो नाही. सरळ जाऊन समोरच्या भिंतीवर आपटलो आणि तिथेच बसलो. (कंबर ती ही.) सगळे हसले, त्यात तुमची बहीण सगळ्यांत जास्त. मला उठवायला येताना ती म्हणाली, “बघा, तुमच्या वजनाने दबून नीट झाले बूट.” मी जमिनीवरून तिच्याकडे बघत होतो. ती येत होती ती डावा पाय फरशीवरून घासत.

तिथे बसल्या बसल्या मला बाकीचं सगळं आठवलं. तिच्या डाव्या सपातेचा पुढचा तळ झिजतो म्हणून मी तिथे रबराचा तुकडा चिकटवला होता. न्हाणीघराच्या उंबऱ्याला ती अडखळते म्हणून मी उंबरा रंधा मारून खाली केला होता. जिन्याचा कठडा सैल लागतो म्हणाली, तो मी पक्का केला. गेलं वर्षभर मी तिच्या आजूबाजूचं सगळं घर दुरुस्त करत आलो. मला फार भीती वाटली, दादा. भिंतीला टेकून मी हसलो, कारण सगळे हसत होते.

त्यानंतर मी जे केलं ते कोणाला सांगितलेलं नाही. बूट आणि पट्टी यांच्या मधे डाव्या कडेला चामड्याची पातळ पाचर घातली. बूट थोडा उजवीकडे कलतो आणि ओढ मारली जाते. धडधाकट माणसाने घातले तर तो उजव्या भिंतीत जाईल, पण ती सरळ गेली. थेट दारापर्यंत गेली, वळून मला हात केला, आणि घरी येऊन दुपारभर गुणगुणत होती. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा नळाकडे झुकली. मी आणखी एक चामडं घातलं. मग आणखी एक. आता थर इतके झाले आहेत की पट्टीचे स्क्रू बुटापर्यंत पोचत नाहीत.

म्हणून विनंती अशी, की तुमच्या जुन्या डब्यात लांब स्क्रू असतील तर मिळेल त्या टपालाने पाठवून द्यावेत. वहिनींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे.

आपला,
शिवणयंत्रवाला मेहुणा

ता. क. स्क्रू पाठवू नका. लांब स्क्रू आमच्या कोपऱ्यावर मिळतात, कालच दुकानात हातात घेऊन परत ठेवले. तुम्ही या. मी एकदा डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाली, “बुटांना दाखवा डॉक्टर.” माझं ती ऐकणार नाही, तुमचं ऐकते. तुम्ही जन्मभर हॉस्पिटलात लोकांच्या हाडांचे फोटो काढलेत, त्यांतल्या कोणाला हसा म्हणाला नाहीत, तरी लोक तुमच्यासमोर मुकाट्याने उभे राहायचे. तिलाही तसं उभं करा. नसांचा कोणी चांगला डॉक्टर माहीत असेल तर त्याच्याशी आधीच बोलून ठेवा.

ता. क. २. आल्यावर सहज आलो म्हणा. बुटांबद्दल विचारलं तर ते डावीकडे ओढतात, असंच सांगा. डॉक्टर काही सांगेपर्यंत दोष बुटांकडेच राहू दे.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात तिने आतून हाक मारली. बुटाच्या नाडीची गाठ बसत नाही म्हणते, डाव्या हातातून सुटते. नाडी गुळगुळीत झाली आहे, दुसरी आणून द्या म्हणाली. दादा, नाडी मी परवाच नवीन घातली आहे. मी बरं म्हटलं आणि पायांत चपला घातल्या. पत्र टाकून तसाच नाडी आणायला जातो. तुम्ही उत्तर लिहीत बसू नका, निघा.