विटकरी लिपस्टिकबाबत विहीणबाईंस

विहीणबाई,

रविवार, नऊ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. या वेळी तुमच्या कन्येने माझ्या ड्रेसिंग टेबलाचा खालचा खण मला न विचारता बाहेर ओढला, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि तो खण त्यावर सरळ पालथा केला. (कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला शिकवलं होतं की तक्रार लिहिताना आधी दिवस आणि वेळ लिहावी, मग अपराध, आणि राग सर्वांत शेवटी. राग शेवटपर्यंत राखून ठेवणं मला तेव्हाही जमलं नाही.)

आता नमस्कार. तो सप्रेम आहे की कसा, हे पत्र संपेपर्यंत ठरेल. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठडा धरता ना, की समोरच्या बाईंना दाखवायला अजून ताठ चढता? व्याह्यांना सांगा की ज्याने सिगारेट खरंच सोडली आहे तो माणूस गच्चीतल्या दोन कुंड्यांना पाणी घालायला दिवसभर वर-खाली करत नाही. इकडे चिरंजीव, म्हणजे माझा मुलगा आणि तुमचा जावई, ठीक आहेत. अपराध घडला तेव्हा ते घरातच होते आणि कानाला हेडफोन लावून बसले होते, तेव्हा त्यांच्या साक्षीची मला अपेक्षा नाही.

त्या खणात काय होतं हे तुम्हाला समजायला हवं. तुम्ही म्हणाल, बाईचा खण, काय असणार, चार डब्या. पण मी सगळी नोकरी हॉटेलच्या रिसेप्शनला काढली आणि तिथे तोंड रंगवणं ही हौस नव्हती, ड्यूटी होती. एक मॅनेजर आले, त्यांना गुलाबी ओठ हवे होते. ते गेले, दुसरे आले, त्यांच्या मते गुलाबी म्हणजे पोरकट, तेव्हा आम्ही सगळ्याजणी एका सोमवारी वांगी रंगात उगवलो. तिसऱ्यांच्या बायकोला चकाकी आवडायची. असा एकेका साहेबाचा कारभार माझ्या खणात डब्याडब्यांनी जमा झाला होता. पुढे मी रिसेप्शनची मुख्य झाले आणि मला रंग सांगण्याची कुणाची छाती राहिली नाही, तेव्हा मी माझा रंग निवडला. विटकरी. तो ओठांवर असताना मी बायकापोरांसह आलेल्या, बुकिंगचा कागद नाचवणाऱ्या गृहस्थांना खोली नाही असं सांगितलेलं आहे, आणि ते मला थँक्यू म्हणून गेलेले आहेत. कंपनीने ती शेड बंद करून बरीच वर्षं झाली. माझ्या नळीत तळाशी नखाएवढी उरली होती आणि ती मी दोन मार्चसाठी राखून ठेवली होती.

दोन मार्चला हॉटेलच्या जुन्या लोकांचं संमेलन आहे, जोडीला एक पाहुणा आणायची मुभा आहे. हल्ली माझ्या जागेवर जी बसते तिला आम्ही हसरी म्हणायचो. काउंटरमागे कसं उभं राहावं हे तिला मी शिकवलं. कोपर टेकायची, दुकानात दर विचारायला आल्यासारखी. ती दारात उभी राहून सगळ्यांचं स्वागत करणार आहे, म्हणजे माझंही करणार आहे. रिकामे ओठ घेऊन मी तिच्यासमोर जाणार नाही. गेले तर विटकरी लावून जाईन, नाहीतर गुडघा दुखतोय म्हणून कळवीन. (तुमच्या गुडघ्याची लक्षणं मला पाठ आहेत.) या सगळ्या पत्राचा विषय एवढाच आहे: मी जाणार की नाही.

तर तुमची कन्या एकेक डबी उघडून हुंगत होती. हुंगायची, नाक मुरडायची आणि डावीकडे फेकायची. मस्कारा हातात घेऊन मला म्हणाली, "आई, हा माझ्या लग्नाच्याही आधीचा आहे." मी म्हटलं, "माझा मुलगाही आहे. तोही टाकतेस का?" तिने हेडफोनच्या दिशेला बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "विचार चालू आहे." अशा मुलीला ओरडायचं कसं, हे तुम्ही इतकी वर्षं कसं जमवलंत ते कधीतरी सांगा.

डोळ्यांना आणि ओठांना लागणारं सगळं जुनं तिने बाद केलं. पण बाद केलं म्हणजे टाकलं असं नाही, आणि इथून माझी पंचाईत सुरू झाली. रागावून खुर्चीत बसलेल्या माणसाला समोर असं काही दिसू नये. मस्काऱ्याचे ब्रश तिने साबणाच्या पाण्यात उकळून काढले आणि त्यातल्या एकाने मिक्सरच्या झाकणाच्या खाचेतली, आम्ही दोघींनीही नशिबाचा भाग म्हणून सोडून दिलेली काळी रेघ दोन मिनिटांत घालवली. आंबलेल्या अत्तराने बरण्यांवरच्या लेबलांचा चिकटा निघाला. घट्ट झालेली नेलपॉलिश तिने किल्ल्यांच्या डोक्यांना लावली. आता खालच्या दाराची लाल, कपाटाची जांभळी, आणि मी कुलपाशी भांडणं सोडली आहेत. विटलेलं लिप बाम चिरंजीवांच्या बॅगेच्या चेनवर फिरवलं, ती सरकायला लागली. मुदत संपलेलं कोल्ड क्रीम त्यांच्या बुटांवर चोळलं. सोमवारी ऑफिसात त्यांना तिघांनी विचारलं की दुसरीकडे इंटरव्ह्यू आहे का. विहीणबाई, मी तोंड वाकडं करूनच बसले होते, पण आतून माझा राग तिच्या हातांच्या मागे धावता धावता दमला.

मग तिच्या हाती विटकरी लागली. तिने नळी फिरवली. त्या नखाएवढ्या तुकड्यावर घामासारखे थेंब आले होते. हुंगली. "ही गेली, आई." आणि टाकली बादलीत. मी उठले आणि ती बादलीतून काढली. (हो, मीच, जिने हॉटेलात पाहुण्याने खाली पाडलेलं पेनसुद्धा कधी वाकून उचललं नाही.) तिने माझ्या हातातून काढून घेतली. मी परत घेतली. असं आमचं दोनदा झालं. मग मी तिला दोन मार्चचं सांगितलं, हसरीचं सांगितलं. तिने ती पुन्हा माझ्याकडून घेतली. नळी उजेडात धरून म्हणाली, "ओठाला लावू देणार नाही. पण रंग राखता येईल."

इथे तिच्या कामाबद्दल दोन शब्द. लग्न ठरवताना तुम्ही म्हणाला होतात की मुलगी डेंटल लाइनमध्ये आहे, आणि पुढे मीही लोकांना तेच सांगितलं, तेव्हा ऐकणाऱ्याने डॉक्टर समजलं तर दोष कुणाचा यावर आपण दोघींनी बोलू नये. ती लॅबमध्ये दातांच्या कॅप करते एवढं मला ठाऊक होतं. कशा करते ते मी त्या रविवारी पाहिलं.

तिने घरातले सगळे दिवे बंद केले आणि मला उत्तरेच्या खिडकीशी बसवलं. माझा मोरपंखी गाऊन रंगात ढवळाढवळ करतो म्हणाली, आणि न्हाव्याच्या दुकानात गुंडाळतात तशी राखाडी चादर माझ्या गळ्याभोवती गुंडाळली. तोंड पुसून काढलं. मग जुन्या ब्लशरच्या डब्या घेतल्या. कोरडी पावडर नीट राहिली असेल तर लवकर मरत नाही म्हणे. वरचा थर खरवडला, स्पिरिट मारलं, वाळवलं. रंग घोटायला तळाला काच हवी होती, तर माझ्या निरोपसमारंभाच्या फोटोची फ्रेम उघडून काच काढून घेतली. (फोटोतली मी त्यामुळे अजून उघड्यावर आहे.) पर्समधून बोटभर लांबीची पोलादी पट्टी काढली आणि नव्या, सील फोडलेल्या व्हॅसलीनमध्ये चिमूट चिमूट पावडर घोटायला लागली. विटकरीचा एक ओरखडा बशीवर ओढलेला होता. ती त्याच्याकडे बघायची, अगदी क्षणभर, आणि मान वळवून निळ्या फाइलच्या पुठ्ठ्याकडे बघत राहायची. मी विचारलं, फाइलमध्ये काय आहे. म्हणाली, काही नाही, एकाच रंगाकडे टक लावून बघितलं की डोळा खोटं बोलायला लागतो, त्याला मध्ये विसावा द्यायचा. थोडी तपकिरी, थोडी गुलाबी, आणि वांगी इतकीशी की टाकली तेव्हा मला दिसलीही नाही. मग पट्टीचं टोक त्या ओरखड्याशेजारी टेकवलं आणि बशी माझ्यापुढे सरकवली.

मला कुठला जुना आणि कुठला नवा ते सांगता येईना. मी चष्मा लावला, काढला, बशी उलटी धरली. देवाशपथ सांगते, अंगावर काटा आला. जो रंग एका अख्ख्या कंपनीने बंद केला तो माझ्या जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्राच्या राशीभविष्यावर, परत आला होता.

तिने तो माझ्या ओठांना लावला. मी आरशात बघितलं, आणि विहीणबाई, तिथे एक बाई होती जिने दुसऱ्या कुणाच्या तोंडावरून रंग चोरून आणलेला होता. ओठ पुढे आले होते आणि बाकीचा चेहरा मागेच राहिला होता. मी म्हटलं, "चुकलं तुझं. वांगी जास्त झालं." ती म्हणाली, "शेड तीच आहे, आई. चेहरा बदललाय."

या घरात माझ्याशी असं कुणी बोललेलं नाही. मी राग यायची वाट बघत बसले. तोवर ती काच पुसत, आपण भाजी निवडताना बोलतो तशी, सांगत होती: "लोक तरुणपणीचा फोटो घेऊन येतात, म्हणतात अस्साच दात करा. तसा करून दिला की तो तोंडात एकटा पडतो. शेजारचे दात आज कसे आहेत ते बघून करावा लागतो. मग तो कुणाला दिसतसुद्धा नाही, आणि माणूस हसतो." एवढं बोलून ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि माझ्याकडे बघायला लागली.

ते बघणं कसं होतं हे मला नीट सांगता येणार नाही. आमचे हे होते तेव्हा माझ्याकडे बघायचे, पण बहुतेक वेळा चष्मा कुठे आहे ते विचारायला. डॉक्टर रिपोर्टकडे बघतात, चिरंजीव फोनकडे. काउंटरवर रोज शेकडो लोक माझ्या तोंडाकडे बघत, ते किल्लीसाठी. या पोरीने माझ्या डोळ्यांचा पांढरा भाग पाहिला, कानशिलावरचे केस पाहिले, माझा ओठ बोटाने खाली ओढून हिरडी पाहिली, मध्येच निळ्या पुठ्ठ्याकडे बघून डोळे ताजे करून आली आणि पुन्हा पाहिलं. तिच्या नजरेत दया नव्हती, मला खूश करायचंही नव्हतं. मी जशी आहे तशी तिला हवी होते, कारण रंग त्यावरून काढायचा होता. मी श्वास धरून बसले होते. इतकं सरळ मी कधी चॅपलमध्येही बसले नव्हते.

दुसऱ्यांदा तिने गुलाबी जवळपास काढूनच टाकली आणि एका कॉम्पॅक्टमधली तपकिरी खरवडून खरवडून सगळी घातली. लावलं. मी आरशात बघितलं तर मी होते. गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा ओठ आणि चेहरा एकाच वयाचे होते. आणि माझ्या तोंडून, मला कळायच्या आत, काउंटरवरचं वाक्य बाहेर पडलं, "आपल्याला काय मदत करू?" तुमची कन्या म्हणाली, "आधी तो गाऊन बदला."

आम्ही दोघी गाऊन बदलायला आत गेलो. (कुठली साडी यावर मतभेद झाले, ते वेगळ्या पत्रात.) बाहेर आलो तर चिरंजीव सिंकपाशी उभे होते आणि उरलेला सगळा रंग जिच्यावर होता ती काच त्यांच्या हातात होती, लख्ख धुतलेली. लग्नानंतर प्रथमच त्यांनी घरातली एखादी वस्तू न सांगता धुतली होती. वर म्हणाले, "केवढा चिकटा होता, दोनदा साबण लावला." तुमची कन्या माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "आई, तो मघाचा विचार. झाला माझा." ओठांवरचं तेवढं उरलं होतं, ते मी संध्याकाळी चहा न पिता रात्रीपर्यंत टिकवलं. तपकिरी संपली आहे. तिच्याशिवाय ती शेड होत नाही; तिने आणखी दोनदा करून बघितली, दोन्ही वेळा मी हॉटेलच्या सोफ्यासारखी दिसले.

तेव्हा माझी तक्रार अशी की तुमच्या कन्येने माझा खण विनापरवाना उपसला, माझी वस्तू बादलीत टाकली, माझ्या वयाचा माझ्या तोंडावर उल्लेख केला, आणि माणसाकडे इतकं नीट बघायला तिला कुणी शिकवलं याचा घरात कुणालाही आजवर पत्ता लागू दिला नाही. याचा लेखी खुलासा व्हावा.

आपली नम्र,
(नम्र हे सिस्टरांमुळे)
विहीण

ता. क. तिला यावरून काही बोलू नका. ओरडायचा हक्क माझा आहे आणि मी अजून तो वापरलेला नाही.

आणखी एक ता. क. ती तपकिरी ज्या कॉम्पॅक्टमधली होती, तशा मी या दोघांच्या लग्नाच्या वेळी दोन डब्या घेतल्या होत्या. एक माझ्यासाठी, एक तुम्हाला भेट. तुम्ही ती कधीही लावलेली नाही हे मला माहीत आहे. तुमची कन्या म्हणते ती तुमच्या कपाटात वरच्या फळीवर, वरचं प्लॅस्टिकही न फोडता पडली आहे, कारण तुम्हाला ती गडद वाटली आणि मला सांगायचा संकोच वाटला. मी त्याबद्दल एक अक्षरही बोलणार नाही. ती मला हवी आहे. कुरिअरने पाठवू नका, पावडर फुटते. स्वतः घेऊन या.

शेवटचं. संमेलनाला न्यायच्या पाहुण्यासाठी चिरंजीवांना विचारलेलं नाही, आणि त्या काचेनंतर विचारणारही नाही. तुम्ही चला. तुमचा रंग काढायचं तिच्या कधीपासून मनात आहे, पण तुम्ही एका जागी बसत नाही असं तिचं म्हणणं आहे. येता की नाही, एवढंच स्वतःच्या अक्षरात लिहून कळवावं. उत्तर शनिवार, बावीस फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. फोन केल्यास उचलला जाणार नाही.