गावाचं नाव न सांगणारी मुलगी

२ डिसेंबर
मुरबाडला पोचले! कल्याणपासून एसटीत उभी होते, तरी मन एकदम प्रसन्न आहे. घरमालकीण कमळताईंनी आल्या आल्या तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं, आणि मग लग्न का केलं नाही ते विचारलं. याच क्रमाने, म्हणून राग आला नाही.

काम माझ्या आवडीचं आहे. मुरबाड-शहापूरच्या शाळांत जायचं आणि मोबाइलवर गोड बोलून जवळ येणाऱ्या माणसांपासून कसं सावध राहायचं ते मुलांना शिकवायचं. कायद्याचा भाग हवालदार ज्ञानेश्वर सांगणार. आमच्या संस्थेची अट एकच: प्रत्येक कार्यक्रमाचा फोटो संस्थेच्या फेसबुक पेजवर गेला पाहिजे, तोही तारीख आणि ठिकाण फोटोवरच छापून येणारा. फोटो नाही तर कार्यक्रम झालाच नाही.

९ डिसेंबर
आज म्हसा गावाच्या अलीकडच्या एका शाळेत होते. मी झकास बोलले, उगाच खोटं कशाला लिहू? नंतर आठवीतली रंजिता माझ्यामागे नळापर्यंत आली. गेममध्ये ओळख झालेला एक ‘दादा’ तिला रोज गाव विचारतो. तिने नाव सांगितलं, फोटोही पाठवला, पण गाव काही सांगितलं नाही. तिच्या मोबाइलवर त्याला मी लगेच ब्लॉक केलं. ज्ञानेश्वर तोवर बंदोबस्ताला निघून गेले होते, म्हटलं त्यांना उद्या सांगू.

पोरीचं इतकं कौतुक वाटलं! सगळ्यांसमोर उभं करून प्रमाणपत्र दिलं, टाळ्या वाजवायला लावल्या. फोटो पेजवर टाकला आणि खाली लिहिलं: ‘अनोळखी माणसाला आपल्या गावाचं नाव न सांगणारी आमची धाडसी रंजिता!’

१६ डिसेंबर
फोटो ऑफिसात सगळ्यांना आवडला. ज्ञानेश्वरांना ‘दादा’बद्दल सांगायचं राहूनच गेलं. फोटोखाली कुणीतरी लिहिलंय, ‘खूप शोधलं हिला. आभार.’ चेहऱ्याच्या जागी झेंडूचं फूल आहे. नातेवाईक असेल. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

२७ डिसेंबर
रंजिता आठवडाभर शाळेत नाही असं कळलं, म्हणून घरी गेले. तिची आई हिराबाई दारातच बसली होती. नव्या नावाने त्या माणसाने रंजिताला फोटो पाठवला होता, त्यांच्याच अंगणाचा. दोरीवर तिचा गणवेश वाळत होता. हिराबाईने पोरीला मारलं आणि मोबाइल चुलीत घातला. मला म्हणाली, “म्याडम, ही म्हनते मी गाव सांगितला नाय. मंग त्याला ठाव कसा झाला?”

मी म्हणाले, बोलता बोलता सुटलं असेल तोंडून. रंजिताने माझ्याकडे एकदाच पाहिलं.

पोलीस ठाण्यात मी कळवलं. ज्ञानेश्वर जाऊन चौकशी करून आले.

३० डिसेंबर
आज तो फोटो मोठा करून पाहिला. खाली कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत सगळं आहे: गाव, तालुका, वेळ. प्रमाणपत्रावर शाळेचं नाव. आणि भरीला माझी ती ओळ.

लोका सांगे ब्रह्मज्ञान! शरमेने अंग जळतंय. मी फोटो पुसून टाकला. कुणाला बोलले नाही. ज्ञानेश्वर शाळाशाळांत सांगतात, काहीही पुसू नका, आधी आम्हाला दाखवा. मी शेजारी उभी राहून मान डोलावते.

४ जानेवारी
झेंडूच्या फुलाचा मेसेज. मला.
‘मॅडम, पुसलात का? माझ्याकडे आहे. तुमचे उपकार विसरणार नाही.’
मग दुसरा: मागच्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या मुलीचं नाव काय? सांगितलं नाही, तर फोटो कुणी टाकला ते तो हिराबाईला कळवणार.
त्याला हिराबाईचं नाव माहीत आहे.

८ जानेवारी
दोनदा ठाण्यात गेले. चहा पिऊन परत आले. ज्ञानेश्वर म्हणाले, मोबाइल जळला, आता धागाच उरला नाही. धागा माझ्या पर्समध्ये होता. वाजत होता.

मुलांना मी रोज सांगते, लाजू नका, सांगा. किती सोपं वाटायचं ते.

१० जानेवारी
नाव पाठवलेलं नाही. पण ‘थांबा’ लिहिलं. ‘प्लीज’ही लिहिलं. त्याला अहो-जाहो केलं मी —

रंजिता शाळेत जायला लागली आहे. मी त्या शाळेकडे फिरकत नाही.

१३ जानेवारी
म्हशाची जत्रा. रंजिता सकाळपासून नाही. दप्तरात चिठ्ठी सापडली: म्हशाला ये, नाहीतर घरी येतो. मैत्रिणीला सांगून गेली — तो घरी यायला नको म्हणून मीच जाऊन त्याला नाय सांगते —

ठाण्यात बसले आहे. ज्ञानेश्वर जत्रेत माणसं पाठवतायत. कोणाला शोधायचं, कसा दिसतो, काहीच माहीत नाही त्यांना. माझ्या पर्समध्ये —

सांगायचं आहे. तोंडून निघत नाही, म्हणून आधी इथे लिहून बघते आहे.

हिराबाई बाकावर माझ्या शेजारी. माझा हात धरून. म्हणते, तुमी हाव म्हनून धीर हाय. वहीकडे बघते आहे. विचारते, माज्या पोरीचा लिवताव काय? वाचा ना.

वाचते. हिराबाई, रंजिताने कोणालाच गाव सांगितलं नव्हतं. ते मी —