कुणाची छकुली

ती. आईला नमस्कार,

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, उगाच घोर लावून घेऊ नकोस.

परवा एक म्हातारे मास्तर घरातून निघून गेले, म्हणून आमच्या शोधपथकाला बोलावलं. ओल्या मातीतल्या चपलांच्या ठशांवरून मी चार तास त्यांचा माग काढला. ओढ्याकाठी बसले होते. मला बघून म्हणाले, "छकुली, किती उशीर गं!" काही केल्या उठेनात. शेवटी मी म्हटलं, "चला बाबा, घरी जाऊ." लगेच उठले.

रस्त्यावर त्यांची खरी छकुली रडत धावत आली, तर माझा हात घट्ट धरून मलाच विचारतात, "या बाई कोण?" ती माझ्याकडे बघतच राहिली. हात सोडवून घेऊ की राहू देऊ, काही सुचेना. मी खोटं बोलायला नको होतं का? तू काय केलं असतंस?

आपले बाबा हल्ली फिरायला एकटेच जातात का? मागच्या आठवड्यात ते वाट चुकले, हे दादाने हसत हसत सांगितलं. मला नाही हसू आलं.

त्यांच्या रोजच्या चपला उलट्या करून तळांचा फोटो पाठव. त्यांना सांगू नकोस.

तुझीच,
धाकटी