भद्रकालीची मोकळी गल्ली

१७ फेब्रुवारी १९३६
साहेबांनी नवं काम गळ्यात मारलं! नाशिक रोड स्टेशनावरचा माल लॉरीनं थेट दुकानांच्या दारात न्यायचा बेत आहे. कुठल्या भागात लॉरी शिरेल, कुठे अडेल, ते पाहून लिहायचं. जिथे शिरेल तिथला बैलगाड्यांचा तळ बंद. अख्ख्या नगरपालिकेत उन्हात हिंडायला मी एकटाच ओव्हरसियर सापडतो!

१९ फेब्रुवारी
रविवार कारंजा. टांगे, भाजीवाल्या, मधोमध गाय. लॉरी वळणार कुठे? नापास.

२१ फेब्रुवारी
पंचवटी. उतार वाईट, त्यात यात्रेकरू. नापास.

२२ फेब्रुवारी
भद्रकाली — आश्चर्यच! दुकानं उघडी, पण गल्ली मोकळी. लॉरी मागवून चालवून पाहिली. सरळ आत, सरळ बाहेर.

तळावर बद्रुद्दीन गाडीवान बैलांना चारा घालत होता. स्टेशनावरचा माल वर्षानुवर्षं तोच आणतो. "गाड्या बंद करणार म्हणतात, खरं का साहेब?" म्हटलं, लॉरी चालते हे डोळ्यांनी पाहिलं, तेच लिहिणार. तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. वाईट वाटलं. पण मी काय करणार!

२४ फेब्रुवारी
अहवाल दिला. साहेब खूश. "याला म्हणतात काम!" एप्रिलपासून भद्रकालीचा तळ बंद. गाडीवानांनाही कळवलं.

२६ फेब्रुवारी
इंदिरा भांडी घेऊन कल्हईला भद्रकालीत गेली होती. आल्या आल्या म्हणाली, "तिथे लॉरी? मला पाय ठेवायला जागा मिळेना!" मी उडवून लावलं. मग तिनं विचारलं, पाहायला गेलात कधी? म्हटलं, शनिवारी. ती कपाळाला हात लावून हसायलाच लागली. "अहो, शनिवारी अवस होती!"

अवसेला कुणी बैल जुंपत नाही, हमाल ओझं उचलत नाहीत. हमालच नाहीत तर बद्रुद्दीन तरी गाडी कशाला काढेल? त्याला वाटलं असणार, मला एवढं ठाऊकच आहे. आणि मी पंचांगाला शिवत नाही — त्याची केवढी घमेंड मला! लाज वाटते आहे.

२७ फेब्रुवारी
पुन्हा भद्रकाली. गाड्या, पोती, शिव्या. लॉरी कसली, माझी सायकल शिरेना! भद्रकालीही नापास.

२९ फेब्रुवारी
साहेबांना सगळं सांगितलं. "आता सांगता? कमिटीपुढे माझं हसं!" वाटेल ते बोलले. खाली मान घालून ऐकलं. शेवटी नवा अहवाल ठेवून घेतला.

४ मार्च
कमिटीनं मानलं. तळ राहणार! बढतीचं नाव काढू नका, असं साहेबांनी बजावलं. नाही काढत. आज जेवण गोड लागलं. उद्या बद्रुद्दीनला मीच सांगणार.

५ मार्च
तळावर बद्रुद्दीन नव्हता. घरी गेलो. दारात त्याची बायको, नूरबानो. बातमी सांगितली. ती म्हणाली, "बैल सटाण्याच्या बाजारात विकले, साहेब. बाकीचे म्हणत होते, थांबू या. हे म्हणाले, ओव्हरसियरसाहेब स्वतः पाहून लिहितात. त्यांचं चुकायचं नाही."