शेजारच्या लेन

४ मार्च

चि. बंडूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र नाही, म्हणजे छापखान्यात मान वर करायला फुरसत नसणार.

माझ्या ऑपरेशनला वर्ष झालं. आतड्याचा तुकडा गेला, शौचासाठी पोटावर पिशवी आली, पण मी आहे. परवा तपासणीला गेले, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आतड्याच्या कॅन्सरवरच्या नव्या उपचारांचं त्यांचं संशोधन पैशांवाचून अडलंय. जन्मभर पोरांना पोहायला शिकवलं, मला दुसरं काय येतं? येत्या चौदा तारखेला, रविवारी, दिवसभर पोहणार आहे. लोकांनी फेरीमागे जमेल ते द्यायचं.

तलावाच्या मॅनेजरनं टी-शर्ट घालायची गळ घातली. पिशवी दिसली तर लोक बिचकतील म्हणे. मी साफ नाही म्हटलं. पूर्वी संध्याकाळी घरी कुणी ना कुणी डोकवायचं. आता विचारपूस जिन्यावरूनच होते. पिशवीशीच गप्पा मारायच्या राहिल्यात.

तू ये. पाण्यात मात्र उतरू नकोस, तुझं पोहणं बघून मला हसू आवरणार नाही. काठावर बस.

तुझी वाट पाहणारी,
ताई

८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझा हट्ट मला पटलेला नाही. चार लोकांसमोर पोट उघडं टाकून काय साधणार? सोबत थोडे पैसे पाठवतोय. त्या रविवारी मोठी छपाई आहे, निघता येणार नाही. रागावू नकोस. दमलीस तर थांब.

माया असू दे.
तुझा बंडू

१६ मार्च

चि. बंडूस,
अनेक आशीर्वाद. पैसे पोचले. मी पोहले.

सकाळी काठावर गर्दी होती. जुन्या विद्यार्थिनी आपापली पोरं घेऊन आल्या. वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त जमलं. डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले. पण माझ्या दोन्ही बाजूंच्या लेन दिवसभर रिकाम्या. एका आईनं तर लेकीचा दंड धरून तिला पार पलीकडच्या टोकाला नेलं.

दुपारी पिशवी एका कडेनं सुटली. कपडे बदलायच्या खोलीत बसून नवी लावली. हात इतके थरथरत होते की वाटलं, सरळ घरी जावं. मग पुन्हा उतरले.

शेवटी फोटो झाले, टाळ्या झाल्या, सगळे पांगले. घरी येऊन ओल्या केसांनी तशीच बसून राहिले. कुणाला सांगावं कळेना, म्हणून तुला लिहितेय.

तुझीच,
ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. छपाई वगैरे काही नव्हती. त्या दिवशी दार लावून घरात बसलो होतो.

दोन महिने झाले, शौचावाटे रक्त जातंय. मूळव्याध असेल म्हणून स्वतःची समजूत काढत राहिलो. तुझ्यासमोर आलो असतो तर सगळं तोंडातून निघालं असतं, आणि बोललो की ते खरं होईल असं वाटायचं.

हात थरथरत असताना तू पुन्हा उतरलीस, हे वाचलं आणि काल दवाखाना गाठला. गुरुवारी नळी घालून तपासणार आहेत. सोबत जवळचं कोण येईल, असं विचारलं. तुला न विचारताच, बहीण येईल म्हणून सांगून आलोय.

बंडू

२३ मार्च

चि. बंडूस,
उद्या सकाळच्या गाडीनं निघतेय. आधी पत्र पोचतं की मी, कोण जाणे.

रक्त गेलं म्हणजे तेच असतं असं नाही. आणि तेच निघालं, तरी त्यातून उठलेलं माणूस तुझ्या घरातच आहे. तपासणीच्या खोलीत मला सोडणार नाहीत. मी दाराशी बसेन. बाहेर आलास की इकडेतिकडे बघू नकोस, आधी मला शोध.

ताई